फियाटच्या पोटातला कागद

कार्बोरेटरचा मुख्य जेट काढून उजेडासमोर धरला की पितळेच्या एवढ्याशा तुकड्यात एक भोक दिसतं. जेटवर आकडा ठोकलेला असतो. सोलेक्स किंवा वेबर जातीच्या कार्बोरेटरमध्ये तो आकडा म्हणजे त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलेला. १२० असेल तर भोक १.२ मिलिमीटरचं. शेजारी इंजिन जागीच चालू ठेवणारा स्लोचा जेट असतो, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन टनाहून जड झालेली जुनी फियाट दादरहून निघते, बोरघाट चढते, लोणावळ्याला पोचते, ती या भोकांतून गेलेल्या पेट्रोलवर.

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. एका लिटरमागे सुमारे अकरा किलो, म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. लोणावळ्यापर्यंत सात लिटर पेट्रोल जाळलं तर इंजिनाने वाटेत साठ हजार लिटरहून जास्त हवा गिळली. एवढ्या हवेत पेट्रोल नेमकं किती मिसळायचं, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे पितळेतलं ते भोक. त्यात गंजाचा एक कण आडवा बसला की सगळं गणित फिसकटतं. कण आणि भोक यांच्यामध्ये उभा असतो तो फिल्टर: प्लास्टिकच्या डबीत चुण्या घालून बसवलेला कागद. गाडीच्या सगळ्या भागांत कदाचित हाच सर्वांत स्वस्त.

फियाटचंच उदाहरण घेण्याचं कारण म्हणजे ती मुंबईचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे ही १०८९ सीसीची गाडी निघू लागली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण दादरमध्ये तिला फियाटच म्हणत राहिले. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपताना काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. खासगी फियाटना ती मर्यादा नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेता येते. म्हणून हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत, शिवाजी पार्कच्या गल्ल्यांत कव्हराखाली त्या अजून दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्या रविवारीच निघतात. न चालणाऱ्या गाडीचा फिल्टर चालणाऱ्या गाडीच्या फिल्टरपेक्षा लवकर खराब होतो, आणि याच गोष्टीचं मला सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटत आलं आहे.

कचरा येतो कुठून? पहिला संशय पंपावर जातो. पेट्रोल तयार होतं ते दादरपासून चार पावलांवर, माहूलला. तिथले दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ पासूनचे. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी साचलंय का हे पाहायला मोजपट्टीच्या टोकाला एक लेप लावतात, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. तुम्हालाही संशय आला तर पंपावर गाळणकागद मागायचा हक्क आहे: नोझलमधला एक थेंब कागदावर टाकायचा, मिनिटा-दोन मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला तर पेट्रोल चांगलं. बहुतेक वेळा उडूनच जातो. खरा गुन्हेगार घरातला असतो. तो म्हणजे गाडीची स्वतःची टाकी.

पोलादी टाकी श्वास घेते. दुपारी तापली की आतली हवा आणि वाफ फुगून बाहेर पडते, रात्री गार झाली की बाहेरची हवा आत येते. पावसाळ्यात दादरची हवा दमट असते, ती आत गेली की पाणी साचतं, असं सगळे सांगतात. मी जरा हिशेब मांडून पाहिला. निम्मी रिकामी टाकी, म्हणजे वीस लिटर हवा. दिवस-रात्रीच्या तापमानात सहा अंशांचा फरक धरला तर रात्री आत येणारी हवा अर्ध्या लिटरहून कमी. त्यातली सगळी वाफ पाणी झाली तरी एका रात्रीत ग्रॅमचा शंभरावा भाग. आपला हिशेब चुकत असेल म्हणून दुप्पट धरा: पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन-तीन ग्रॅम, अर्धा चमचा. यावरून दोन गोष्टी कळतात. टाकीत वाटीभर पाणी सापडलं तर ते हवेतून आलेलं नाही. झाकणाचं रबर गेलंय, किंवा गाडी पाण्यात उभी होती. आणि दुसरी गोष्ट, अर्धा चमचाही पुरतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जातं, आणि दरवर्षी तळाच्या त्याच खोलगट जागी जातं. तीस पावसाळे तिथलं लोखंड ओलं राहतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो जागच्या जागी चिकटून राहू शकत नाही, पापुद्रे सुटतात. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंडही तळाशीच असतं.

गाडी पाण्यात उभी होती म्हणजे काय, हे दादरकरांना समजावून सांगायला नको. पाणी तुंबणारा हिंदमाता चौक म्हटलं की पुरे. महापालिकेने अलीकडे तिथलं पाणी साठवायला जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली टाक्या बांधल्या, पण जुन्या फियाटनी त्याआधीचे पावसाळे पाहिलेत. २६ जुलै २००५ चाही पाहिलाय, ज्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी टाकीपर्यंत पाणी चढलेल्या काही गाड्या सुकल्या, सुरू झाल्या आणि पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या आहेत. टाकीत गेलेला गाळ मात्र कुठे जात नाही.

दुसरा कचरा पेट्रोल स्वतःच तयार करतं. त्यातली काही संयुगं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडली जाऊन चिकट डिंक बनतो. बरेच महिने पडून राहिलेल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो तो त्याचा. हा डिंक टाकीच्या भिंतींवर थर धरून बसतो. बसून राहिला तर कुणाला त्रास नाही.

पण आता तो बसून राहत नाही, कारण पेट्रोलमध्ये ऊस आला आहे. २०१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीसवर, ठरवलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस शिवाजी पार्कच्या फियाटमध्ये जळतोय असं म्हणायला हरकत नाही. इथेनॉल उत्तम द्रावक आहे. टाकीत आणि नळ्यांत पंचवीस-तीस वर्षं बसलेला डिंक ते सोडवतं, डिंकाने धरून ठेवलेला गंजही मग मोकळा होतो, आणि सगळा मोर्चा फिल्टरकडे निघतो. म्हणून गाडीत काहीही बदल न करता फिल्टर एकाएकी भराभर तुंबू लागतो. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलसाठी बनलेल्या नव्हत्या. त्या आतून मऊ पडतात, भेगाळतात आणि त्यांचे काळे कण फिल्टरच्याही पुढे जाऊ शकतात.

इथेनॉलचा पाण्याशी संबंध आणखी विलक्षण आहे. निव्वळ पेट्रोल पाण्याला जवळजवळ उभंच करत नाही. दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मात्र लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर पाणी विरघळवून घेतं. इतक्या मर्यादेत ते उपकारच करतं, तळाचं पाणी उचलून इंजिनात नेऊन वाफ करून टाकतं. त्याहून जास्त पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. हा खालचा थर लोखंडाला आणि कार्बोरेटरच्या जस्त-मिश्रधातूला खातो. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पूड सापडली तर ती याची खूण. न चालणाऱ्या गाडीला त्रास जास्त होतो तो यामुळेच: चालत्या गाडीत पाणी रोज थोडं थोडं निघून जातं, उभ्या गाडीत ते जमत राहतं.

आता कागदाकडे.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमाराला. त्या काळी जगभर मोटारवाले डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतताना नरसाळ्यात मऊ कमावलेलं कातडं धरत. पेट्रोलने भिजलेलं कातडं पेट्रोल जाऊ देतं आणि पाणी अडवतं. पुढे पितळेच्या बारीक जाळ्या आल्या. जुन्या यांत्रिक पंपांत झाकणाखाली तशी जाळी अजून मिळते, आणि फिल्टर बदलताना ती न धुणं म्हणजे अर्धं काम. जाळी काय करते ते सोपं आहे, भोकापेक्षा मोठं ते अडवते. नळाला बांधलेल्या मलमलच्या फडक्याचं तेच काम. कागद मात्र निराळा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात भोकं अशी दिसतच नाहीत, दिसतं ते एकमेकांवर कसेही पडलेल्या तंतूंचं रान. पेट्रोल त्यातून वळणं घेत जातं. जड कणाला वळण जमत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. हलका कण वळतो, पण तंतूला घासून जाताना चिकटतो. म्हणून कागद आपल्या फटींपेक्षा लहान कणही पकडू शकतो. आणि जसजसा तो मळतो तसतसं रान दाट होतं, गाळणं आणखी बारीक होतं. मळका फिल्टर नव्यापेक्षा चांगलं गाळतो! फक्त त्यातून पेट्रोल पुरेसं जात नाही. तंतूंवर राळेचा लेप देऊन कागद भाजलेला असतो, म्हणून तो ओला होऊन फुगत नाही, फाटत नाही.

पुरेसं जात नाही म्हणजे किती, याचा नियम मोटारींच्या आधीचा आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आन्री दार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी किती झिरपतं ते मोजलं आणि १८५६ मध्ये छापलं: दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट, क्षेत्रफळ दुप्पट तर प्रवाह दुप्पट, थर जाड तर प्रवाह कमी. फियाटच्या पंपाचा दाब असून असून किती, हवेच्या दाबाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. दाब वाढवता येत नाही, म्हणून क्षेत्रफळ वाढवायचं. कागदाला चुण्या घालतात त्या त्यासाठी.

दार्सीचा नियम अनुभवायचा असेल तर दादरच्या टिळक पुलावर जा. गाडी सिग्नलला स्लोवर उभी असते तेव्हा तिला तासाला लिटरभरही पेट्रोल लागत नाही, तुंबलेल्या फिल्टरमधूनही तेवढं सहज येतं. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चाळीस अश्वशक्तीचं इंजिन ताणलं की तीच मागणी तासाला चौदा-पंधरा लिटरवर जाते. म्हणून फिल्टर तुंबलेली गाडी इमारतीखालून शांतपणे निघते, गल्लीत गोंडस वागते आणि पुलाच्या चढावर गचके देऊ लागते. पाय सोडला की पुन्हा ठीक, कारण तेवढ्यात कार्बोरेटरची वाटी भरून निघते. मेकॅनिक म्हणतो, कचरा आलाय. मे महिन्यात हाच त्रास वेगळ्या कारणानेही होतो. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. फियाटचे टॅक्सीवाले त्यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळत. फरक ओळखायचा असा: थंड होऊन अर्ध्या तासाने गाडी नीट चालली तर वाफ, सकाळच्या गारव्यात पहिल्याच चढाला गचकली तर फिल्टर.

तो बदलणं फार तर अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यातला निम्मा वेळ जागा निवडण्यात जायला हवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटते. पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्का ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरे. दादरच्या जुन्या इमारतींत कंपाउंड अरुंद, तळमजल्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर, खिडकीपाशी देवघर, त्यात समई. तिथे हे काम करू नका. बंद गॅरेजात तर नाहीच, खांबांवर उभ्या इमारतीखालच्या पार्किंगमध्येही नाही. मोकळी, वारा वाहती जागा, शेजाऱ्यांना सांगून ठेवलेलं, हाताशी अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली. इंजिन पूर्ण गार. बॅटरीची ऋण तार आधी सोडायची. टाकीचं झाकण उघडून आतला दाब जाऊ द्यायचा आणि पुन्हा लावायचं. गाडी शक्य तर नाक वर करून उभी करा, म्हणजे नळीतलं पेट्रोल टाकीकडे परत जातं. चाकाखाली वीट हवीच.

फिल्टर टाकी आणि पंपामध्ये असतो, किंवा पंप आणि कार्बोरेटरमध्ये. जुन्या गाडीत मागच्या मालकाने कुठे बसवला असेल सांगता येत नाही. टाकीपासून नळी धरून चालत या, सापडेल. दोन्ही बाजूंच्या क्लिपा सैल करा. नळी ओढू नका, आधी पिळा, चिकटलेली असते. खाली पत्र्याचा डबा धरा, प्लास्टिकची बादली नको. टाकीकडच्या नळीतून पेट्रोल येतच राहिलं तर तोंडात योग्य मापाचा जुना बोल्ट घाला. नळी वाकवून पाहा: भेगा दिसल्या तर नळीही बदला, आणि इथेनॉल चालणारी, इंधनासाठीचीच नळी घ्या. ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या स्पेअर पार्टवाल्यांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर दिसायला तशीच असलेली पाण्याची नळी हातात येईल. क्लिपाही नव्या. नव्या फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. उलटा बसवला तर गाडी चालते, पण कचरा चुणीच्या आतल्या बाजूला साचून फिल्टर लवकर भरतो. प्लास्टिकची डबी एक्झॉस्टला टेकता कामा नये.

मग पंपाला हाताची दांडी असेल तर ती हलवून पेट्रोल वर आणा, नसेल तर तार जोडून थोडा थोडा स्टार्टर मारा. डबी अर्धीच भरलेली दिसते आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, वर हवेचा बुडबुडा राहतो आणि गाडी नीट चालते. जोडांवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. ओला झाला तर गाडी हलवायची नाही.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाडीबद्दल, म्हणजे फियाट, जुनी अँबॅसडर, २००० च्या आधीची मारुती ८००. जुन्या बजाज चेतकमध्ये पेट्रोलच्या कॉकवरच जाळी असते, तिथे प्रश्नच लहान. इंजेक्शनवाल्या गाडीत नळीतला दाब फियाटच्या दहा-बारा पट असतो, क्लिप सैल केली की पेट्रोल अंगावर उडतं. ते गॅरेजवर सोडा.

जुना फिल्टर लगेच फेकू नका. पूर्ण निथळू द्या, एक-दोन दिवस उन्हात मोकळ्यावर वाळू द्या, मग हाताच्या करवतीने डबी कापून कागद उलगडा. लालसर-तपकिरी भुकटी असेल तर टाकी गंजतेय. चिकट पिवळट थर असेल तर जुना डिंक सुटतोय, तो हळूहळू संपेल. काळे मऊ कण म्हणजे नळी. बारीक राखाडी चिखल असेल तर गाडीने कधीतरी पूर पाहिलाय, विकणाऱ्याने सांगितलं नसलं तरी. लोहचुंबक फिरवून पाहा. पापुद्र्यांमधलं न गंजलेलं लोखंड चिकटतं, चिखल चिकटत नाही. आरटीओच्या पुस्तकात न सापडणारी माहिती या कागदात असते, आणि ती मिळवायला मेकॅनिक लागत नाही.

डब्यात निघालेलं पेट्रोल गटारात ओतू नका. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ ला गटारात झिरपलेल्या पेट्रोलच्या वाफेने रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याला द्या, सुटे भाग धुवायला तो घेतो.

नव्या डबीवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढचा फिल्टर महिन्याभरात तुंबला तर तिसरा विकत आणू नका, टाकी उतरवून धुवा.